तालुक्याच्या महाविद्यालयात विपणन व्यवस्थापनाचा अभ्यास कसा करावा

विपणन व्यवस्थापन हा विषय बी.कॉम., बी.बी.ए. आणि एम.बी.ए. या तिन्ही अभ्यासक्रमांत असतो आणि तिन्ही ठिकाणी तो सोपा असल्याचा समज पक्का झालेला असतो. लेखाकर्मात ताळेबंद जुळला नाही की चूक तिथल्या तिथे उघडी पडते, सांख्यिकीत उत्तर चुकले की गुण जातात. विपणनात मात्र काहीही लिहिले तरी ते थोडेफार बरोबरच वाटते. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाईड उघडायचे, आठ-दहा व्याख्या घोकायच्या, जाहिरातीचे फायदे-तोटे लिहायचे आणि पासापुरते गुण पदरात पाडून घ्यायचे, अशी रीत पडली आहे. पास होण्यापुरती ती चालतेही. पुढे एखाद्या मुलाखतीत ‘तुमच्या गावातल्या किराणा दुकानात कोणता साबण जास्त खपतो आणि तोच का खपतो’ एवढेच कोणी विचारले, तर चांगले गुण मिळवलेला विद्यार्थीही गडबडतो.

विदर्भाच्या ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्याची या विषयात एक अडचण आहे आणि तीच त्याची जमेची बाजूही आहे. पाठ्यपुस्तकातला विक्रेता मालाची किंमत स्वतः ठरवतो, ग्राहक निवडतो, जाहिरात करतो. आपल्याकडचा कास्तकार मात्र कापसाची गाडी घेऊन बाजार समितीत जातो आणि ‘आज काय भाव निघाला’ असे विचारतो. तोच कास्तकार जूनमध्ये बियाण्याची थैली घ्यायला कृषी केंद्रात उभा राहतो, तेव्हाही भाव दुसऱ्या कोणीतरी ठरवलेला असतो. पुस्तकातले सिद्धांत या दोन्ही व्यवहारांना कुठपर्यंत लागू पडतात आणि कुठून पुढे पडत नाहीत, हे ज्याला नेमके सांगता येते त्याला विषय कळला असे म्हणता येईल. म्हणून कोणतीही संकल्पना आपल्या तालुक्यातल्या एका खऱ्या व्यवहारावर तपासून पाहिल्याखेरीज ती शिकून झाली असे समजू नये. पुढची सगळी मांडणी याच धोरणाने केली आहे.

अभ्यासक्रमाची प्रत आणि दोन वस्तू

सत्राच्या पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रमाची मूळ प्रत उतरवून घ्यावी. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे जिल्हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडे, तर चंद्रपूर आणि गडचिरोली हे २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाकडे आहेत. तिन्ही विद्यापीठे आपापले घटक आणि गुणविभागणी स्वतंत्रपणे ठरवतात, त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यातल्या मावसभावाच्या नोट्स वापरायच्या असतील तर आधी दोन्ही प्रती शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू झाल्यापासून श्रेयांकांची (क्रेडिट) रचना बदलली असून, फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांना स्वतंत्र श्रेयांक मिळू लागले आहेत. बाजारात मिळणाऱ्या कित्येक गाईडांना या बदलाचा पत्ता नसतो.

त्यानंतर दोन वस्तू निवडाव्यात आणि संपूर्ण सत्रभर त्यांचाच माग काढावा. एक वस्तू बाहेरून गावात येणारी असावी, उदाहरणार्थ शॅम्पूची पुडी, बिस्किटाचा पुडा, कपडे धुण्याची पावडर किंवा कापसाच्या बियाण्याची थैली. दुसरी गावातून बाहेर जाणारी असावी: तूर, कापूस, सोयाबीन, वरुड-मोर्शीकडे संत्रा, भिवापूरकडे मिरची, वायगावकडे हळद, भंडारा-गोंदियाकडे धान. घरचेच पीक निवडले तर अधिक बरे, कारण मागल्या हंगामाच्या हिशोबपट्ट्या घरातल्या डब्यात सापडतात आणि त्यांच्यासाठी कोणाची परवानगी काढावी लागत नाही. मोबाइल फोन, मोटारसायकल अशा वस्तू निवडण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो. त्या टाळाव्यात, कारण त्यांच्या विक्रीचे निर्णय कुठे होतात ते आपल्याला दिसत नाही आणि शेवटी इंटरनेटवरची माहितीच उतरवून काढावी लागते.

वही दोनशे पानी घ्यावी आणि समोरासमोरची दोन पाने मिळून एक नोंद करावी. डाव्या पानावर पुस्तकातली संकल्पना व्याख्येसह, मराठी आणि इंग्रजी दोन्ही संज्ञा देऊन लिहावी. उजव्या पानावर आपल्या दोन वस्तूंच्या बाबतीत जे दिसले ते तारखेसह लिहावे. उजवे पान कोरे राहिले तर तो घटक अजून झालेला नाही, एवढे त्यावरून कळते.

चार पी, दुकानात उभे राहून

वस्तू (प्रॉडक्ट), किंमत (प्राइस), वितरण (प्लेस) आणि संवर्धन (प्रमोशन) या चार घटकांना इंग्रजी आद्याक्षरांवरून चार पी म्हणतात. नील बोर्डन यांनी रूढ केलेल्या विपणन मिश्रणाच्या कल्पनेला जेरोम मॅकार्थी या अमेरिकी प्राध्यापकांनी १९६० मध्ये हे सुटसुटीत रूप दिले. परीक्षेत हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात येतोच आणि म्हणूनच त्याची उत्तरे सर्वांत जास्त एकसारखी असतात.

वस्तू या घटकाची सुरुवात वेष्टनापासून करावी. वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल विक्री किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क या बाबी वेष्टनावर छापाव्या लागतात. खाद्यपदार्थ असेल तर त्यावर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) १४ अंकी क्रमांकही असतो. गावातल्या बचत गटाच्या पापडाचे पाकीट आणि मोठ्या कंपनीचे पाकीट शेजारी ठेवून यातले काय आहे आणि काय नाही, हे लिहून काढले की वेष्टन, लेबल आणि नाममुद्रा (ब्रँड) ही प्रकरणे एका बैठकीत मार्गी लागतात.

किंमत हा घटक आपल्या भागात सर्वांत शिकण्यासारखा आहे. बीटी कापसाचे बियाणे घ्या. २०१५ च्या कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेशानुसार त्याच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते आणि २०१६ च्या हंगामापासून एका प्रकारच्या तंत्रज्ञानाच्या सर्व कंपन्यांना तीच मर्यादा लागू असते. कंपन्या अनेक, वाण कितीतरी आणि किंमतीची मर्यादा एकच. मग चढाओढ होते ती उरलेल्या तीन घटकांत. कोण विक्रेत्याला जास्त कमिशन देतो, कोण एखाद्या प्रगतिशील कास्तकाराच्या वावरात प्रात्यक्षिक घेऊन चार गावांचे लोक तिथे आणतो, कोणाच्या वाणाची रंगवलेली भिंत बसथांब्यासमोर आहे, हे पाहत जावे. एखाद्या वाणाला फार मागणी आली की टंचाई होते, छापील किंमतीपेक्षा जास्त पैसे मागितले जातात किंवा सोबत दुसरी वस्तू घेण्याची सक्ती होते. धंद्यात या सक्तीला लिंकिंग म्हणतात. ते बेकायदेशीर आहे आणि किंमत नियंत्रणाच्या प्रकरणात त्याचे उदाहरण देता येते; मात्र दुकानाचे नाव वहीतही लिहू नये.

त्याहून महत्त्वाची गोष्ट उधारीची आहे. ग्रामीण विदर्भात खते, बियाणे आणि पिकांवरची औषधे मोठ्या प्रमाणावर उधारीवर उचलली जातात आणि माल विकून चुकारा हाती आला की खाते मिटवले जाते. अशा व्यवहारात वेष्टनावरची किंमत एक, रोखीचा भाव दुसरा आणि उधारीचा तिसरा असू शकतो. शिवाय जो उधार घेतो त्याच्या हातात निवड फारशी राहत नाही, दुकानदार जे देईल ते तो घेतो. ग्राहक वर्तनाच्या प्रकरणात खरेदीतल्या भूमिका सांगितलेल्या असतात: गरज सुचवणारा, प्रभाव टाकणारा, निर्णय घेणारा, प्रत्यक्ष विकत घेणारा आणि वापरणारा. औषधाच्या डब्याच्या बाबतीत यातल्या दोन-तीन भूमिका एकट्या कृषी केंद्रचालकाकडे जातात. हे लक्षात आले म्हणजे कीटकनाशकाच्या कंपन्या कास्तकारांच्या मेळाव्याइतकाच खर्च विक्रेत्यांच्या सहलींवर का करतात, याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही.

एक किंवा दोन रुपयांच्या पुड्यांबद्दल बहुतेक पुस्तके लिहितात की ग्रामीण ग्राहकाचे उत्पन्न कमी असते म्हणून तो लहान पुडी घेतो. हे अर्धेच खरे आहे. किराणा दुकानात बाजाराच्या दिवशी संध्याकाळी तासभर उभे राहून पाहावे. अनेक गावांत शेतमजुरीचा आठवड्याचा चुकारा त्याच दिवशी होतो आणि त्या संध्याकाळी तेलाचा पाव किलो, चहाची मोठी पुडी, साबणाच्या दोन वड्या असे सामान जाते. मधल्या वारी मात्र दाराच्या तारेवर लटकवलेल्या पुड्यांच्या माळेतून एक-एक पुडी तोडून दिली जाते. घर तेच असते आणि उत्पन्नही तेच, पण हातात रोकड कोणत्या दिवशी आहे त्यावर पाकिटाचा आकार ठरतो. अशी एक नोंद उजव्या पानावर असली की ग्रामीण विपणनावरचे दहा गुणांचे उत्तर वेगळे उठून दिसते.

वितरणासाठी आपल्या पुडीचा उलटा प्रवास काढावा. गावातला दुकानदार, तालुक्याचा ठोक व्यापारी किंवा उपवितरक, अकोला-अमरावतीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणचा वितरक, कंपनीचा माल साठवून पुढे पाठवणारा नागपूरचा साठवणूक अभिकर्ता आणि मग कंपनी, अशी साखळी साधारणपणे सापडेल. कंपनीची गाडी कोणत्या गावापर्यंत येते आणि कोणत्या गावापासून पुढे दुकानदार स्वतःच मोटारसायकलवर पोते बांधून माल नेतो, ती सीमा शोधून काढावी. तिच्या पलीकडे कंपनीचा वितरण खर्च शून्य असतो आणि दुकानदाराचा वाढलेला असतो. संवर्धनाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. भिंती, यात्रा, एसटीच्या पाठीमागचे फलक आणि आता व्हॉट्सॲपचे गट सर्वांना दिसतातच.

बाजार समितीत जाताना

कृषी विपणन हा घटक विद्यार्थी गाळतात आणि त्यातही विदर्भातलेच विद्यार्थी गाळतात, याचे नवल वाटते. भारतातल्या नियंत्रित बाजारपेठांचा इतिहास आपल्याच भागात सुरू होतो. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार पाहणाऱ्या हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये १८८६ मध्ये कारंजा येथे देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, तेच आजच्या वाशीम जिल्ह्यातले कारंजा लाड. त्यापाठोपाठ १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला आणि पुढे इतर प्रांतांच्या कायद्यांना तो नमुना ठरला. महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न पणन कायदा १९६३ चा, राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना १९७२ ची, आणि ई-नाम या राष्ट्रीय ऑनलाइन बाजाराची सुरुवात १४ एप्रिल २०१६ ची. एवढ्या तारखा ध्यानात असल्या तरी या घटकाला पाठीचा कणा मिळतो.

बाजार समितीला भेट द्यायची ती सुटीत सहल म्हणून नको. सोयाबीनची आवक दसरा-दिवाळीच्या सुमारास, कापसाची दिवाळीनंतर आणि नव्या तुरीची जानेवारी-फेब्रुवारीपासून वाढते. आपली वस्तू ज्या काळात येते त्या काळातच जावे. महाविद्यालयाचे पत्र घेऊन समितीच्या सचिवांना भेटावे आणि लिलाव सुरू होण्याआधी आवारात पोहोचावे. मालाच्या ढिगात हात घालून पाहणारा व्यापारी, बोली पुकारणारा माणूस, मापारी, हमाल, अडत्या आणि बाजूला टेकून उभा असलेला मालाचा धनी, यांपैकी प्रत्येक जण काय करतो आणि त्याबद्दल कोणाकडून किती घेतो, हे विचारून घ्यावे. शेवटी एखाद्या ओळखीच्या कास्तकाराची हिशोबपट्टी पाहावी. वजन, भाव, कपाती आणि हाती पडलेली रक्कम हे सगळे तिच्यावर असते. वर्गात दोन तास शिकवूनही विपणन खर्च ही संकल्पना तेवढी स्पष्ट होत नाही.

कापसाच्या बाबतीत आर्द्रतेचा तक्ता अवश्य समजून घ्यावा. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत भाव ८ टक्के आर्द्रतेला धरलेला असतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्यामागे भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतला जात नाही. प्रमाणीकरण आणि प्रतवारी या प्रकरणाचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही. खेडा खरेदीचा व्यापारी दारात येऊन आर्द्रता न मोजता रोख पैसे देतो आणि भाव कमी सांगतो. कास्तकार त्याला माल का देतो, याचा विचार गाडीभाडे, वाट पाहण्याचे दिवस आणि रोकडीची निकड या तिन्ही अंगांनी करावा आणि मगच मध्यस्थांबद्दल मत बनवावे.

मध्यस्थांबद्दल मत घाईने बनवण्यातली एक चूक जवळजवळ प्रत्येक प्रकल्प अहवालात आढळते. विद्यार्थी लिहितो की तूर ७० रुपये किलोने विकली गेली, डाळ दुकानात १२० रुपयांना मिळते, म्हणजे मधल्या लोकांनी ५० रुपये खाल्ले. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, पण हिशोबाची पद्धत चुकीची आहे. एक क्विंटल तुरीपासून गिरणीत साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते, बाकी चुनी (डाळीचा चुरा), भुसा आणि घट असते. ७,००० रुपये क्विंटलची तूर आणि ७२ किलो उतारा धरला तर डाळीच्या एका किलोत कच्च्या मालाचीच किंमत सुमारे ९७ रुपये होते. म्हणजे भावातली खरी तफावत २३ रुपयांची आणि तिच्यात चुनी-भुशाच्या विक्रीची भर. त्यातून वाहतूक, गिरणीचा खर्च, पॅकिंग, ठोक आणि किरकोळ व्यापाऱ्याचा नफा निघायचा असतो. हा नफा कोणाकडे किती राहतो, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतोच, पण आता तो मोजता येतो. कापसातही हेच पथ्य पाळावे. एक क्विंटल कापसातून रुई ३३ ते ३५ किलोच्या आसपास निघते आणि बाकीचा बहुतेक भाग सरकीचा असतो. रुईचा भाव थेट कापसाच्या भावाशी ताडून पाहिला तर निष्कर्ष भलताच निघतो. अकोल्यासारख्या डाळ गिरण्यांच्या शहराजवळ राहणाऱ्यांनी एखादी गिरणी आतून पाहून उताऱ्याची खातरजमा करून घ्यावी.

थोडे गणित

वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही नफ्याच्या टक्क्यात फसतो. ८० रुपयांना घेतलेली वस्तू १०० रुपयांना विकली, तर खरेदीवर नफा २५ टक्के आणि विक्रीवर २० टक्के. रुपये मात्र दोन्हीकडे २०च. दुकानदार ‘वीस टक्के सुटतात’ म्हणतो तेव्हा तो कशावर म्हणतो हे विचारल्याशिवाय आकडा वहीत उतरवू नये.

दुसरे गणित समविच्छेद बिंदूचे. समजा, गावातल्या बचत गटाला भाडे, वीज आणि यंत्राचा हप्ता मिळून महिन्याला ६,००० रुपये स्थिर खर्च येतो, सरगुंडे या वाळवणाच्या पदार्थाच्या एका किलोला माल, मजुरी आणि पाकीट धरून १४० रुपये लागतात आणि विक्री २०० रुपयांनी होते. दर किलोमागे ६० रुपये हाती राहतात, म्हणून १०० किलो विकल्यावर खर्च भरून निघतो आणि त्यापुढे नफा सुरू होतो. एखाद्या दुकानदाराने १० टक्के कमिशन मागितले की हाती ४० रुपये राहतात आणि तोच बिंदू १५० किलोवर जातो. गटातल्या बायांना हे गणित मांडून दाखवले तर त्यांना ते ताबडतोब पटते, कारण कागदावर न मांडताही त्यांनी ते सोसलेले असते.

प्रकल्प आणि सर्वेक्षण

फील्ड प्रोजेक्टच्या बाबतीत सध्या सर्वत्र एकच वाट मळली आहे. गूगल फॉर्म बनवायचा, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा, पन्नास मित्रांनी भरला की रंगीत वर्तुळाकृती आलेख चिकटवायचे आणि शीर्षक द्यायचे ‘ग्रामीण ग्राहकांच्या खरेदी सवयींचा अभ्यास’. उत्तर देणारे सगळे वीस वर्षांचे, घरचा किराणा न भरणारे आणि निम्मे तालुक्याच्या गावात खोली करून राहणारे असतील, तर हा अभ्यास ग्रामीण ग्राहकांचा नाही.

एकच गाव घ्यावे, स्वतःचे असले तर उत्तम. घरांची मोजणी करून दर पाचवे किंवा दहावे घर घ्यावे, म्हणजे ओळखीची घरे निवडण्याची सवय आपोआप टळते आणि नमुना निवडीच्या प्रकरणातली पद्धतशीर निवड प्रत्यक्ष हाताळली जाते. प्रश्नावली आधी चार-पाच घरांत वापरून पाहावी आणि मग दुरुस्त करावी. बोलताना वऱ्हाडी किंवा झाडीबोली, जी गावात चालते तीच वापरावी. छापील प्रश्न वाचून दाखवला की समोरच्या बाई ‘तुम्हीच लिवा ना बापू काय लिवाचं ते’ म्हणून मोकळ्या होतात. मत विचारण्यापेक्षा मागची खरेदी विचारावी. ‘तुम्ही दर्जाला महत्त्व देता का’ या प्रश्नाला कोणीही नाही म्हणत नाही, पण ‘मागच्या बाजारी कोणतं तेल आणलं, कुठून आणलं, आणायला कोण गेलं होतं’ याला खरे उत्तर मिळते. उत्पन्नाचा आकडा सरळ विचारू नये. विचारला तर सरकारी योजनेची चौकशी समजून तो कमी सांगितला जातो. शेती किती, ओलिताची की कोरडवाहू, घरात मजुरीला जाणारे किती, एवढ्यावरून घराची ऐपत समजते. मृगाच्या पेरणीत आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घरे बंद असतात, तेव्हा संध्याकाळीच जावे. उत्तर देणाऱ्यांची नावे अहवालात घालू नयेत.

चाळीस घरांचे सर्वेक्षण करून ‘५२.५ टक्के ग्राहक’ असे लिहिण्याची फॅशन आहे. त्याऐवजी ‘४० पैकी २१ घरे’ असे लिहावे, ते प्रामाणिक दिसते आणि असतेही. संदर्भासाठी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एन-लिस्ट या ऑनलाइन वाचनसाहित्याच्या योजनेची सुविधा घेतली आहे का ते विचारावे, कारण तिच्यामार्फत संशोधन पत्रिका विनामूल्य वाचता येतात. स्वयम् या शासकीय मंचावर विपणनाचे अभ्यासक्रमही मोफत शिकता येतात.

ऑन जॉब ट्रेनिंगसाठी नागपूर-पुण्याच्या कंपन्यांकडे डोळे लावून बसण्यापेक्षा जवळची शेतकरी उत्पादक कंपनी, बचत गटांच्या उमेद अभियानातला महिला प्रभागसंघ, बाजार समिती, डाळ गिरणी किंवा एखाद्या मोठ्या कंपनीचा तालुका वितरक पाहावा. वितरकाकडे काम मिळाले तर त्याच्या विक्री प्रतिनिधीबरोबर एकदा तरी पूर्ण मार्ग फिरावा आणि दुकानदार कोणता माल का नाकारतो ते टिपून घ्यावे. प्रमाणपत्रासाठी नुसती सही-शिक्का देणारी ठिकाणेही सगळीकडे आहेत. ती सोयीची असतात, पण तोंडी परीक्षेत त्यांचा काही उपयोग होत नाही.

सिद्धांत आणि उत्तरपत्रिका

एवढे पाहिले म्हणून पाठांतर अजिबात टळते असे नाही. व्याख्या, टप्पे आणि वर्गीकरणे अचूकच लिहावी लागतात, फक्त त्यांना आता आधार असतो. नव्या वस्तूचा प्रसार कसा होतो याबद्दल एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये केलेले वर्गीकरण घ्या: २.५ टक्के नवप्रवर्तक, १३.५ टक्के आरंभीचे स्वीकारक, ३४ टक्के लवकरचे बहुसंख्य, ३४ टक्के उशिराचे बहुसंख्य आणि १६ टक्के मागे राहणारे. या विचाराचे मूळ अमेरिकेच्या आयोवा राज्यात कास्तकारांनी संकरित मक्याचे बियाणे कसे स्वीकारले, या १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. आपल्या गावात ते पहिल्यांदा कोणी लावले, बाकीच्यांनी किती हंगाम वाट पाहिली आणि कोणाचे पाहून लावले, हे आजोबांना किंवा मोठ्या काकांना विचारावे. वर्गीकरण मग पाठ करावे लागत नाही. वस्तूचे जीवनचक्र, बाजार विभाजन आणि स्थाननिश्चिती (पोझिशनिंग) या घटकांनाही हीच रीत लावावी.

मोठ्या कंपन्यांची उदाहरणे द्यायची तर ती ग्रामीण असावीत आणि नेमकी असावीत. आयटीसीने २००० मध्ये मध्य प्रदेशातल्या सोयाबीन पट्ट्यात सुरू केलेले ई-चौपाल खरेदीच्या बाजूचे उदाहरण आहे, तर हिंदुस्थान युनिलिव्हरचा बचत गटातल्या स्त्रियांमार्फत माल विकणारा शक्ती प्रकल्प वितरणाच्या बाजूचे. दोन्ही एकाच प्रश्नात कोंबली की विद्यार्थ्याला फरक कळलेला नाही असे परीक्षकाला वाटते.

उत्तर लिहिताना व्याख्या दोन ओळींत संपवावी, मुद्दे पुस्तकाच्या क्रमाने घ्यावेत आणि निदान दोन मुद्द्यांखाली उजव्या पानावरचे उदाहरण घालावे. बी.कॉम.ला मराठीतून लिहिणाऱ्यांनी संज्ञा मराठीत देऊन पहिल्यांदा तिचा इंग्रजी उच्चारही देवनागरीत द्यावा. एम.बी.ए.ला जायचे असेल तर शेवटच्या वर्षापासून इंग्रजी वाचन वाढवणे भाग आहे, कारण तिथे शिकवणे, प्रकरण अभ्यास आणि सादरीकरण इंग्रजीतच चालते. त्या प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते; बी.बी.ए.साठीही २०२४ पासून स्वतंत्र सीईटी सुरू झाली आहे, हे बारावीतल्या भावंडांच्या कानावर वेळीच घालावे, कारण गावाकडे ही सूचना बहुधा अर्जाची मुदत उलटल्यावर पोहोचते.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक अहवाल चाळून बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: ‘हे सर्वेक्षण तुम्ही स्वतः केले का?’ याला होकार देऊन थांबू नये. भरलेल्या मूळ प्रश्नावल्या, गावाचा हाताने काढलेला नकाशा आणि दोनशे पानी वही सोबत न्यावी, आणि जिथे अंदाज चुकला ते एखादे घर किंवा दुकान स्वतःहून सांगावे. परीक्षक पुढचा प्रश्न त्याच घराबद्दल विचारतात आणि त्याचे उत्तर गाईडात नसते, तुमच्याकडे असते.